चार ओळींची बातमी आणि ड्रिल मशीन

गेल्या रविवारी आमच्याकडे पडद्याचे रॉड बसवायला एक पोरगा आला होता. वय वीस-बावीस असेल. पिशवीतून ड्रिल मशीन काढलं, वायर सोडली. वायरच्या टोकाला प्लगच नाही. दोन तारा सोललेल्या, तांबं उघडं. त्याने त्या सॉकेटच्या भोकांत खोचल्या, वरून काडेपेटीच्या दोन काड्या ठोकल्या आणि बटणाकडे बोट नेलं. मी म्हटलं, थांब रे बाळा. तो हसला. "काय होत नाय काका, रोजचंच आहे."

हे वाक्य मी आधी ऐकलंय. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आपल्याच गावात एका दुकानाचं शटर बसवताना एक तरुण शॉक लागून गेला. नाव लिहीत नाही, घरचे इथेच आहेत. पंचनाम्याच्या वेळी मी तिथे होतो. मशीन ओट्यावर पडलेलं. जुनं, धातूच्या बॉडीचं. त्याच्या वायरमध्ये तीन तारा होत्या, पण सॉकेटमध्ये दोनच खोचलेल्या. तिसरी हिरवी तार मागे दुमडून त्यावर काळी टेप गुंडाळलेली. मी ती डोळ्यांनी पाहिली. शेजारी उभा असलेला त्याचा सोबती सारखं म्हणत होता, रोज असंच चालवायचो.

मी बातमी काय दिली? "विजेचा धक्का लागून तरुणाचा दुर्दैवी मृत्यू. पोलिसात अकस्मात मृत्यूची नोंद." चार ओळी. हिरव्या तारेचा उल्लेख नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे वीज वापरताना असा मृत्यू झाला तर विद्युत निरीक्षकाला कळवायचं असतं, चौकशीची तरतूद आहे. ती झाली का, अहवाल काय आला, हे मी कधीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी होती.

ती हिरवी तार म्हणजे अर्थिंग. धातूच्या बॉडीच्या मशीनमध्ये आतलं इन्सुलेशन जळालं की करंट बॉडीवर येतो. अर्थिंग जोडलेलं असेल तर तो तारेतून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. नसेल तर मशीन धरणाऱ्याच्या अंगातून जातो. त्यात लोखंडी शिडी, ओली फरशी, पायात चप्पल नाही. आता मिळणारी बहुतेक मशीनं प्लास्टिक बॉडीची, दुहेरी इन्सुलेशनची असतात. लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दोनच तारा पुरतात. पण जुनी धातूची मशीनं अजून फिरतायत, आणि काड्या खोचून चालवलं तर नवं मशीनही काय कामाचं? वायरला पाय अडकला की जिवंत तार फरशीवर.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. घरात एमसीबी आहे, काही झालं तर पडेल. एमसीबी वायर वाचवायला असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर लोड गेल्याशिवाय पडत नाही आणि माणूस मरायला एका अँपिअरचा छोटासा हिस्सा पुरतो. माणूस वाचवायला वेगळी वस्तू असते, आरसीसीबी. आपल्याकडे अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात. ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळतोय, हे ओळखून तो क्षणात तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा. मात्र दोन हातांत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आले तर तो पडेलच असं नाही. म्हणून प्लग पाहिजेच.

पोराला घेऊन मी एसटी स्टँडमागच्या मिस्त्रींकडे गेलो. पन्नास रुपयांच्या आसपास प्लग आला. मिस्त्रींचं आयुष्य मोटारी भरण्यात गेलंय. त्यांनी मशीन कानाशी धरून फिरवलं आणि म्हणाले, "कार्बन संपलाय. आत बघ कशी ठिणगी मारतोय." कार्बन ब्रश जोडीनेच बदलायचे, थोड्या पैशात काम होतं. नाही बदलले तर आर्मेचर खराब होतं आणि मग नवं मशीनच घ्यावं लागतं. हवेच्या फटीत सिमेंटची भुकटी बसली होती, ती ब्लोअरने उडवली. मग पोराची शाळा घेतली. बिट बोथट झालं की पोरं मशीनवर अंगाचा भार टाकतात. मशीन तापतं, बिट तुटतं, वायंडिंग जळतं. टाइलला भोक पाडताना हॅमर बंद ठेवायचा, टाइल ओलांडल्यावर चालू करायचा. बिट बदलताना प्लग काढायचा. त्यासाठी चकची चावी प्लगजवळच दोरीने बांधायची, म्हणजे चावी घ्यायला गेलं की प्लग आपोआप हातात येतो. स्लॅबमध्ये सळई लागली की बिट अडकतं आणि मशीन फिरतं, मनगट मोडतं. म्हणून बाजूचा दांडा काढून फेकायचा नाही.

मला नवीन कळलं ते हातमोज्यांचं. मला वाटायचं हातमोजे म्हणजे सुरक्षा. मिस्त्री म्हणाले, "पत्रकार, फिरत्या बिटाला सैल मोजा लागला तर बोट घेऊन जातो." गळ्यातला गमछा, मनगटातला दोरा, तेच. गॉगल मात्र हवाच, छताला भोक पाडताना तर नक्की.

घरमालकांनाही एक सांगतो, कारण भोक कुठे पाडायचं ते आपणच बोट दाखवतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली पाडू नका, तिथूनच पाइप गेलेला असतो. बॅटरीवरचं मशीन असलं तरी बिट भिंतीतल्या वायरला लागलं तर शॉक बसतोच.

आता सार्वजनिक कामाकडे. गावात सध्या एका सरकारी इमारतीचं काम चालू आहे. मी सोमवारी जाऊन आलो. तीन मशीनं, एकालाही प्लग नाही. एक्स्टेंशन बोर्ड ओल्या वाळूवर. देखरेख करणारे म्हणाले, ते ठेकेदाराचं. ठेकेदार म्हणाला, मजूर आपापली मशीनं आणतात. १९९६ च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो, आणि साईटवर पन्नास रुपयांचा प्लग कुणाचा हे ठरत नाही. त्या साईटवर आरसीसीबी आहे का आणि शेवटची तपासणी कधी झाली, एवढे दोन प्रश्न मी लेखी दिले आहेत. उत्तर आलं की इथेच टाकतो.

पोरगा काल बाजारात दिसला. प्लग आहे का विचारलं. "आहे की काका," म्हणाला. "पण आजच्या साईटला बोर्डच नव्हता. प्लग काढून डायरेक्ट मीटरवरून घेतलं."