आडव्या रेषांचे डोंगर

ऑक्टोबरात हवा निवळली की सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यापाशी उभं राहून राजगड-तोरण्याकडे बघावं. उंची आधी नजरेत भरत नाही, भरतात त्या आडव्या रेषा. काळ्या कातळाचा उभा पट्टा, त्याखाली झाडीचा उतरता पदर, पुन्हा कातळ, पुन्हा पदर. नीट बघितलं तर एका डोंगरावरची रेष दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर त्याच उंचीला पुढे चालू झालेली दिसते. रेष आधीची, दरी नंतरची. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत गेले. आज तो कातळ दख्खनच्या जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. टणक थर कडा होऊन उभा राहिला, मऊ आणि सच्छिद्र थर झिजून उताराला लागला, त्या उतारावर माती थांबली आणि मातीवर रान वाढलं. दोन लोटांमध्ये खंड पडला तिथे मधूनच तांबड्या मातीचा एक पट्टा दिसतो, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजलेला. घाटातल्या रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत तो हाताने चाचपता येतो.

हे मी कामासाठी बघते. मी संगणकावर डोंगर बनवते. सिनेमाला आणि व्हिडिओ गेमला लागणारी जमीन, कडे, ओढे, गवत. खेळणाऱ्याचा घोडा जिच्यावरून दौडतो ती माती. स्टुडिओत याला एन्व्हायर्नमेंट आर्ट म्हणतात. आई शेजारणींना सांगताना ‘डोंगराचं काम’ म्हणते, आणि मला तेच जास्त आवडतं. राहते सिंहगडाच्या पायथ्याकडे, डोणज्याच्या अलीकडे. गच्चीतून गडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. शिकून बाहेर पडले तेव्हा जो तो सांगे, या धंद्यात राहायचं तर मुंबई गाठ, नाहीतर हैदराबाद, बंगळूर. सल्ला वाईट नव्हता. मोठी कामं तिकडेच जास्त होती. पण मला कामाइतकाच डोंगर हवा होता. गोनीदांच्या ‘माचीवरला बुधा’मधला बुधा मुंबई सोडून राजमाचीवर जातो. त्याचं ते सोडणं वाचताना आजही माझ्या घशाशी काहीतरी येतं. मला मात्र दोन्हीतलं काहीच सोडायचं नव्हतं, आणि तो हट्ट मला आजही योग्य वाटतो.

या धंद्याचा उगमसुद्धा अशाच एका गावी आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस लॉरेन कार्पेंटर सिएटलला बोइंगमध्ये संगणकावर विमानांची चित्रं तयार करत होता. आभाळ स्वच्छ असलं की त्या शहरातून 4,392 मीटर उंचीचं रेनियर शिखर दिसतं. कार्पेंटरला विमानांच्या मागे डोंगर हवे होते आणि तेव्हाच्या संगणकाला डोंगर येत नव्हते. बेन्वा मँडेलब्रॉटचं फ्रॅक्टलवरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि त्याला रीत सुचली. एक त्रिकोण घ्यायचा, त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू थोडे वर-खाली सरकवायचे, त्यातून चार लहान त्रिकोण होतात. त्या प्रत्येकाशी पुन्हा तेच करायचं, आणि करत राहायचं. 1980 साली सिएटललाच भरलेल्या सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत त्याने ‘व्हॉल लिब्र’ नावाची दोन मिनिटांची फिल्म दाखवली. कॅमेरा डोंगरांवरून उडत जातो, एवढंच तिच्यात आहे. लुकासफिल्मने त्याला तिथेच नोकरी देऊ केली. 1982 च्या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात एक निर्जीव ग्रह बघता बघता डोंगरांनी भरतो, ते डोंगर त्याचे. पुढे पिक्सारच्या संस्थापकांमध्ये तो होता. डोंगर काढून दाखवल्यामुळे एका माणसाचं आयुष्य वळलं, ही गोष्ट मी शिकत असताना मनाशी घट्ट धरून ठेवली होती.

त्याच सुमाराला केन पर्लिन ‘ट्रॉन’ चित्रपटावर काम करून बाहेर पडला होता. संगणकाच्या चित्रांचा गुळगुळीतपणा त्याला खुपत होता, म्हणून त्याने आवर्जून खडबडीतपणा निर्माण करणारं सूत्र शोधलं. पर्लिन नॉइज म्हणतात ते हेच; 1997 मध्ये त्यासाठी त्याला ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज पडद्यावर दिसणाऱ्या कितीतरी ढगांत, लाटांत, टेकड्यांत हे सूत्र कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच.

आणि तरीही या सूत्रांतून सह्याद्री निघत नाही. नुसता नॉइज वापरला तर विस्कटलेल्या दुलईसारखी टेकाडं मिळतात. झिजेचे नियम घातले की त्यांना धारा फुटतात, टोकं येतात आणि आल्प्सच्या वळणाचं काहीतरी उभं राहतं. सुंदर असतं ते. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे डोंगर होते ते त्यांनी त्यात घातले, आमच्याकडच्या थरांची त्याला ओळख नाही. पायऱ्या पाडायची सोय असते. ती वापरली तर सगळे टप्पे एका मापाचे पडतात आणि डोंगर शेतातल्या बांधांसारखा रेखीव होऊन बसतो. खरा थर एके ठिकाणी दोन पुरुष उंच असतो, दुसरीकडे पाच मजली घराएवढा. काही थर पुढे जाऊन पातळ होत संपतात. हे पुस्तकात वाचून कळतं, पण कुठे किती, हे अंगात मुरायला चालावं लागतं. चढताना मांड्या भरून येतात तो पदर, आणि वाट आडवी वळून कड्याला बगल देते तो कातळ. सिंहगडाची आतकरवाडीकडची वाट चढताना मला आता पायांनीच थर ओळखू येतात.

पावसाचंही तसंच. झीज दाखवायची तर आभासी थेंब सोडतात. प्रत्येक थेंब उतारावरून घरंगळतो, थोडी माती उचलतो, वेग मंदावला की टाकतो. असे लाखो थेंब सोडले की ओढे-नाले आपोआप कोरले जातात. नेहमीच्या पद्धतीत हे थेंब सगळीकडे सारखे पडतात. सह्याद्रीत पाऊस पश्चिमेकडून येतो आणि घाटमाथ्यावर रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,500 मिलिमीटरच्या वर, आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्यात 700 च्या आसपास. कोकणाकडे ताशीव कडे, देशाकडे हळूहळू पसरत जाणाऱ्या सोंडा, असा हा डोंगर दोन बाजूंना दोन स्वभावांचा आहे. ताम्हिणी घाटातून जुलैत एकदा जाऊन आलं की थेंब सगळीकडे सारखे सोडायला हात धजत नाही.

मोजमापांचा आधार असतोच. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने 11 दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. ती आकडेवारी आज कुणालाही फुकट मिळते. तिच्यात दर 30 मीटरला एक उंची असते. म्हणजे उभा कडा चार-पाच चौकटींत विरघळून उतार होतो. सिंहगडाचा जो कातळ चढून तानाजी वर गेला, तो त्या आकड्यांत कुणीही चालत जाईल असा दिसतो. मला हे सहन होत नाही. म्हणून त्या आकड्यांवर पुन्हा हाताने कडे उभे करावे लागतात: फोटो बघून, आणि फोटोत न मावणारं आठवून.

सगळ्यात मोठी अडचण राजगडावर आली. जमीन साठवायची रूढ पद्धत म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांचं एक चित्र. जितकं पांढरं तितकं उंच. त्यात प्रत्येक बिंदूला एकच उंची असू शकते. सुवेळा माचीवर नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. त्या बिंदूला खाली खडक, मग पोकळी, मग वर पुन्हा खडक. उंची एक सांगायची तर कुठली? हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे, तोही या पद्धतीत बसत नाही. अशा जागा वेगळ्या घडवून जमिनीला जोडतात, आणि जोड दिसू नये म्हणून कित्येक दिवस घासतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून स्वीकारलं, त्यांत राजगड आहे. ज्याला तिथवर चढता येत नाही अशा माणसालाही नेढ्यात बसल्यावर दोन्हीकडून लागणारा वारा कळावा, असं मला फार वाटतं. वारा पडद्यावर येत नाही. पण गवत कुठल्या बाजूला किती झुकतं ते बरोबर आलं तर तो जाणवतो.

लोक म्हणतात, हे तंत्रज्ञान नवं, आपल्याकडे बाहेरून आलेलं. मला कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवतात. पडदे रंगवणारा हा माणूस, त्याने स्वतःचा कॅमेरा घडवला. 1923 साली त्यांनी ‘सिंहगड’ काढला; तानाजीची चढाई रात्रीची, म्हणून कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं. भारतात हे पहिल्यांदाच झालं असं मानतात. त्यांच्या हाताखाली शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम पुढे ‘प्रभात’ घेऊन 1933 मध्ये पुण्यात आले. त्या जागेवर 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिच्या मागे वेताळ टेकडी. कला, यंत्र आणि डोंगर या मातीत शंभर वर्षांपूर्वीच एकत्र आले होते. तिथून जाताना मला आपल्या घराण्यात आल्यासारखं वाटतं.

माझी पहिली पक्की नोकरी एका चित्रावर मिळाली. त्या वेळी कामाचे नमुने म्हणून बहुतेक जण बर्फाची शिखरं पाठवत. मी तोरण्याची एक बाजू पाठवली होती, मे महिन्यातली, पिवळ्या गवताची, वणव्याच्या काळ्या डागांसकट. मुलाखतीत परदेशातून बोलणाऱ्या बाईंनी विचारलं, माथे असे सपाट का? मी लाव्ह्याबद्दल सांगायला लागले, मग पदरांबद्दल, मग सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीबद्दल. सॉफ्टवेअर किती येतं हे त्यांनी शेवटी जाताजाता विचारलं. हे सुखाचंच क्षेत्र आहे असं मात्र मी कुणा मुलाला सांगणार नाही. प्रकल्प संपला की पुढचा मिळेपर्यंत हात रिकामे असतात, आणि साहेबाचा देश जागा होतो तेव्हा आपण झोपायला निघालेले असतो. 2020 नंतर घरून काम करायची मुभा मिळाली, म्हणून पायथ्याशी राहणं जमलं. त्या पायथ्याचीही डोंगरफोड सुरू आहे. प्लॉटिंगच्या पाट्या दरवर्षी थोड्या वर सरकतात. ज्या सोंडेवर मी थर मोजायला शिकले तिच्या कुशीत आज जेसीबी उभा आहे, आणि त्याचा मला राग येतो.

सध्या आमच्या गटात वेल्ह्याकडचा एक मुलगा आहे. पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स करून आला. लहानपणी सुट्टीभर गुरांमागे डोंगरात असायचा. मी तोरण्याच्या पावसाळ्याचं काम त्याला दाखवत होते: वळीव येतो, कड्यावरून धबधबे सुटतात. त्याने दोनदा बघितलं आणि म्हणाला, “ताई, पाणी तिथनं उतरत नाही. आणि पहिल्या पावसात तर नाहीच.”

“मग कुठून?”

“डावीकडच्या नळीतनं. थांबा, आज्ज्याला विचारतो.”

फोनवर आजोबा आधी जेवणाची चौकशी करत राहिले. मग त्यांनी सांगितलं, वरचं पठार आधी पाणी पितं. पहिला पाऊस सगळा त्याच्याच पोटात जातो. झड लागून दोन-तीन दिवस झाले की नळी बोलायला लागते, आणि मोठ्या कड्यावरचं पाणी त्याच्याही मागून. हे ऐकताना मी वहीत लिहून घेत होते आणि मुलगा संगणकावर नळीची जागा शोधत होता.

आता आम्ही थेंबांचा नियम नव्याने लिहितो आहोत. पठाराच्या मातीने किती पाणी धरायचं आणि भरल्यावर कुठल्या तोंडाने सोडायचं, ते त्यात येईल. मातीची जाडी किती धरायची यावर आमचं जमलेलं नाही. तो वीतभर म्हणतो, मी हातभर. शनिवारी त्याच्या घरावरच्या पठारावर जाऊन बघायचं ठरलं आहे. त्याने आजोबांना पहार काढून ठेवायला सांगितलं आहे, आणि आजोबांनी मला निरोप दिला आहे की सकाळी लवकर या, नाहीतर उन्हाचं चढणं होत नाही.