विजासनच्या लेण्यांत

सिंदी मेघेहून आम्ही उभयता सकाळीच निघालो. सेवाग्रामला गाडी धरली. हिंगणघाट, वरोरा मागे पडले की भांदक. गाव भद्रावती, स्टेशन मात्र भांदक! तिथून ऑटोने विजासन टेकडी. कनिंगहॅमसाहेबांनी १८७०च्या दशकात नोंदवलेली लेणी ती हीच. डोंगर पोखरून लांब बोगदा, शेवटी गाभाऱ्यात तथागतांची बसलेली भव्य मूर्ती. दोन्ही हातांना तशीच दालने, तशाच मूर्ती. झिजल्यात, पण समोर उभे राहिले की बोलणे बंद होते. त्रिसरण-पंचशील घेतले, आवाज घुमला. भिंतीवर मात्र बदाम नि नावे. कोणाला बोलणार? लग्नाच्या वर्षी आम्हीही कोळशाने लिहिलेच होते. सौ.ने पदर ओला करून दोन्ही नावे शोधून पुसली. मग डोलारा तलावाचा जुना दगडी पूल बघत शिदोरी सोडली.