कपाळावरच्या आठ्या

सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीने चेहऱ्याच्या उपचारांविषयी लिहावे, हे काही वाचकांना गमतीचे वाटेल, काहींना वावगेही वाटेल. आमच्या पिढीत केसांना कलप लावणे हीदेखील दार लावून करण्याची गोष्ट होती. पण तोंडात कवळी, कानात श्रवणयंत्र आणि डोळ्यांत कृत्रिम भिंग घेऊन वावरणाऱ्या आम्हां ज्येष्ठांना चेहऱ्यावरील एखाद्या रेषेविषयी बोलताना मात्र संकोच का वाटावा, हे मला अलीकडे नीटसे उमगत नाही. कुठे गरज संपते आणि कुठे हौस सुरू होते, ही सीमारेषा बाहेरून दिसते तितकी स्पष्ट नसते. माझ्या बाबतीत तर ती मुळीच स्पष्ट नव्हती.

माझे यजमान पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. आता ते ७८ वर्षांचे आहेत आणि गेली चार वर्षे त्यांना अल्झायमरचा आजार आहे. नावे गेली, तारखा गेल्या, वाक्येही आता अर्ध्यावरच विरतात. परंतु समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे ते एकाग्रतेने पाहतात. माझ्या दोन भुवयांच्या मध्ये दोन खोल उभ्या आठ्या आहेत. ३१ वर्षे वर्गावर मराठी शिकवल्याची ती कमाई असावी. त्यात ओठांचे कोपरे खाली झुकलेले. मी भाजी निवडत असले, औषधाच्या गोळ्या मोजत असले, तरी हे विचारत, “अगं, रागावलीस का माझ्यावर?” दिवसातून दहा-बारा वेळा. “नाही हो, कशाला रागावू?” असे म्हटले, तरी ते उत्तर टिकत नसे, कारण चेहरा काही निराळेच सांगत होता. मग ते अस्वस्थ होत, येरझाऱ्या घालत, ताट बाजूला सारत. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले होते की, शब्द हातातून सुटू लागले की रुग्ण आवाजाचा सूर, स्पर्श आणि चेहरा यांवर अधिक विसंबतो. आणि चेहरा वाचताना त्याची गफलतही होते. सूर आणि स्पर्श मी सांभाळत होते. चेहऱ्याचे काय करावे, हा प्रश्न उरला.

आरशासाठी मी काहीच केले नाही, असा दावा मात्र मी करणार नाही.

चेहरा का बदलतो, हे आधी समजून घेतले. आपण केवळ सुरकुत्या पाहतो, पण बदल चार थरांत होत असतो. त्वचेला ताण देणारे कोलॅजन तारुण्यापासूनच हळूहळू घटत असते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घट फार वेगाने होते. त्वचेखालची चरबी काही ठिकाणी झिजते, काही ठिकाणी खाली ओघळते. त्याखालचे हाडदेखील, विशेषतः डोळ्यांच्या खोबणीभोवतीचे आणि जबड्याचे, आकसत जाते. आणि वर्षानुवर्षे तेच ते स्नायू आखडल्याने त्यांच्यावरच्या त्वचेला कायमची घडी पडते, जशी रोज त्याच जागी दुमडलेल्या साडीला पडते. या चारांपैकी आपला त्रास कशामुळे आहे, हे कळल्याशिवाय उपचार निवडणे म्हणजे नंबर न तपासता चष्मा विकत घेणे होय.

प्रथम मी एका झगमगीत सौंदर्यकेंद्रात गेले होते. तिथल्या मुलीने गोड हसून मला सहा बैठकांचे ‘पॅकेज’ सांगितले. आजच पैसे भरल्यास सवलत. माझ्या हृदयात स्टेंट आहे आणि मी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेते, हे तिने विचारले नाही. सुई कोण टोचणार, हेही तिला नीट सांगता आले नाही. मी पाणी पिऊन, आभार मानून बाहेर पडले.

त्यानंतर ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी पहिली वीस मिनिटे माझ्या चेहऱ्याला हातही लावला नाही. औषधांची यादी पाहिली. पूर्वी ओठांवर नागीण उठली होती का, जखमेचे डाग काळे पडतात का, पापण्या जड वाटतात का, स्नायूंचा काही आजार आहे का, हे सारे विचारले. मग म्हणाल्या, “काकू, तरुण दिसायचंय, की रागीट दिसायचं नाहीये?” इतका नेमका प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आणि सोपे असते, असेही त्यांनी सांगितले.

बोटॉक्स या नावाने सर्वपरिचित असलेले औषध म्हणजे एका जिवाणूपासून मिळणारे विष अत्यल्प मात्रेत वापरणे. ते मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवते. त्याचा मूळ उपयोग तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी होता. अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली तीही डोळ्यांच्या याच विकारांसाठी. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या रुग्णांच्या भुवयांमधील आठ्या या इंजेक्शनांनी पुसट होतात, असे लक्षात आले. त्यांचे पती अलास्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि २००२ मध्ये त्या आठ्यांसाठी औषधाला मान्यता मिळाली. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. मायस्थेनियासारखा स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. औषध भलत्या स्नायूत उतरले, तर पापणी काही आठवडे झुकू शकते.

फिलर ही निराळी वस्तू. हायलुरोनिक आम्ल हे आपल्या शरीरात असतेच. त्याचे जेल त्वचेखाली भरले की पाणी धरून ठेवते आणि खोलगट भाग वर येतो. ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते आणि नको असल्यास एका विकराने विरघळवताही येते, ही त्याची मोठी सोय. पण जेल चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्वचेचा तो भाग मरू शकतो आणि क्वचित दृष्टीही जाते. हा धोका नाकाभोवती आणि नेमका भुवयांच्या मधल्या जागेत अधिक. त्यामुळे माझ्या आठ्या जेलने भरून काढण्याचा विचार डॉक्टरांनी दोन वाक्यांत बाजूला सारला.

त्यांच्याआधी माझ्या मुलीनेच त्यावर बोट ठेवले होते. फोनवर ती म्हणाली, “आई, चेहरा बदलला आणि बाबांनी तुला ओळखलंच नाही तर?” त्या रात्री मला झोप लागली नाही. रागीट बायको परवडली, पण परकी बाई? हे मला अद्याप नावाने हाक मारतात. घरात ती एकच हाक उरली आहे. तेव्हा माझ्या पुरता नियम ठरला की चेहऱ्याची ठेवण बदलेल असे काही करायचे नाही. गालात भर घालणारे फिलर आणि त्वचा वर ओढणारे धागे त्या नियमानेच गळाले.

लेझर आणि रासायनिक पील यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण जाहिराती त्यांच्याच अधिक दिसतात. पीलमध्ये आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढतात. सौम्य पीलसाठी वापरले जाणारे ग्लायकोलिक आम्ल मुळात उसातही असते. लेझर हेच काम उष्णतेने, अधिक खोलवर करतो. त्वचेचा पोत आणि काळपट डाग यांसाठी दोन्ही उपयोगी आहेत. परंतु आपली सावळी-गव्हाळ त्वचा जळजळ झाली की त्या जागी काळा डाग धरते आणि तो जायला महिनोन्‌महिने लागतात. गोऱ्या कातडीच्या माणसांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहून आपण निर्णय घेऊ नये, ते याचसाठी. ओठांवर नागीण उठण्याची प्रवृत्ती असेल, तर या उपचारांनंतर ती पुन्हा उफाळू शकते; डॉक्टर आधीपासून गोळ्या देतात, पण त्यांना ते ठाऊक हवे. ध्वनिलहरी किंवा रेडिओलहरींनी त्वचा आतून तापवून घट्ट करण्याची यंत्रेही आहेत. त्यांचा गुण सावकाश, दोन-तीन महिन्यांत आणि बेताचाच येतो. फार लोंबलेल्या त्वचेला तो पुरत नाही. पेसमेकर असणाऱ्यांनी रेडिओलहरींचा उपचार घेऊ नये.

या साऱ्या चर्चेत सर्वांत अनपेक्षित सल्ला मिळाला तो दातांचा. ओठांचे कोपरे पाहून डॉक्टर म्हणाल्या, “काकू, कवळी किती वर्षांची?” चौदा वर्षांची. दात गेले की हिरडीखालचे हाड झिजत राहते. कवळी तीच राहते, हाड मात्र खाली जाते. मग वरचा आणि खालचा जबडा गरजेपेक्षा जवळ येतात, नाक-हनुवटीतले अंतर घटते, ओठ आत वळतात आणि कोपरे झुकतात. तिथे फिलर भरणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणे. मी दंतवैद्यांकडे जाऊन नवी कवळी करून घेतली. पहिले पंधरा दिवस जिभेला ती परकी वाटली, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजे. पण तोंडाचा खालचा भाग सावरला आणि भाकरी चावता येऊ लागली, हा लाभ निराळाच. ज्या वाचकांना चेहरा एकदम ‘बसल्या’सारखा वाटतो, त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांइतकेच दातांच्या डॉक्टरांनाही विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन.

महिन्याभराने भुवयांच्या मध्ये बोटॉक्सची पाच बारीक इंजेक्शने घेतली. कपाळावरच्या आडव्या रेषांना हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनीच ठरवले. उतारवयात पापण्या जड होतात आणि आपण नकळत कपाळाच्या स्नायूने भुवया उचलून धरतो. तो स्नायू सैल केला तर भुवया डोळ्यांवर उतरतात. डोळ्यांच्या कडेच्या रेषा मी मागून घेऊन ठेवल्या, म्हणजे तशाच ठेवायला सांगितल्या. हसताना त्या लागतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद केल्या नाहीत. स्टेंट असलेल्या माणसाने सुरकुतीसाठी त्या स्वतःच्या मनाने थांबवणे म्हणजे फार मोठा धोका पत्करणे. एका ठिकाणी छोटा निळसर डाग पडला, तो आठवड्यात गेला. घरी आल्यावर चार तास आडवे व्हायचे नाही आणि कपाळ चोळायचे नाही, एवढेच पथ्य होते. खर्च साडेसात हजारांच्या आसपास आला. आरोग्य विम्यात असे उपचार बसत नाहीत, हे गृहीतच धरावे.

चौथ्या दिवसापासून आठ्या सैल झाल्या. पूर्णपणे गेल्या नाहीत. इतक्या वर्षांची घडी एका इंजेक्शनाने जात नाही. यांनी मला ओळखले, त्यात एक दिवसही खंड पडला नाही. “रागावलीस का?” हा प्रश्न दिवसातून तीन-चार वेळांवर आला. ते श्रेय इंजेक्शनाचे, कवळीचे, की त्यांच्या आजाराने घेतलेल्या एखाद्या वळणाचे, हे मी सांगू शकत नाही. माझा चेहरा मला थोडा विसावलेला दिसतो, हे खरे. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात मोबाइलवरून चेहरा दाखवून हयातीचा दाखला दिला, तेव्हा त्या यंत्रानेही कुरकुर केली नाही.

उरलेला उपचार साधा आहे. सकाळी सनस्क्रीन, रात्री आठवड्यातून दोनदा वाटाण्याएवढे ट्रेटिनॉइनचे मलम, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने. सनस्क्रीनला मी आधी हसत असे. पण ऑस्ट्रेलियात नऊशेहून अधिक माणसांवर साडेचार वर्षे झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले. तीत सहभागी झालेले सारे पंचावन्नच्या आतले होते, तेव्हा मला लाभ किती, ते पाहायचे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली ‘गोरे करणारी’ मलमे मात्र घरात येऊ देऊ नयेत. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असते आणि त्याने आधीच पातळ झालेली म्हाताऱ्या माणसाची त्वचा आणखी पातळ होते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नातीच्या लग्नाआधी यांच्या गालावरचे काळे मस काढून घ्यावेत, फोटो चांगले येतील, असे एका नातेवाइकांनी सुचवले होते. मी नाही म्हटले. वाढणारा, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवायलाच हवा. तसे हे नव्हते, डॉक्टरांनी पाहिलेले जुनेच मस होते. सुई कशासाठी टोचली, हे ज्याला समजत नाही, त्याला दुसऱ्यांच्या फोटोसाठी ती टोचू नये, असे माझे मत आहे. लग्नात ते मसासकट पहिल्या रांगेत बसले आणि दोन जिलब्या खाल्ल्या.

आता चार महिने होत आले आहेत आणि आठ्या पुन्हा खोल होऊ लागल्या आहेत. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली होती, पण त्याच आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. दोन्ही डॉक्टरांशी बोलून ती तारीख दीड महिना पुढे नेली आहे. ऑपरेशनच्या दिवसांत यांच्याजवळ राहायला सांगलीहून माझी धाकटी बहीण येणार आहे. तिला गोळ्यांच्या वेळा लिहून द्यायच्या आहेत.