रात्रीच्या छायाचित्रातील रंग

पांढरा रुमाल उन्हात धरला काय आणि घरातल्या पिवळ्या बल्बखाली धरला काय, तो आपल्याला पांढराच वाटतो. दिव्याचा रंग वजा करून वस्तूचा रंग पाहण्याची विद्या आपली दृष्टी जन्मभर नकळत वापरत असते. कॅमेऱ्याला ही विद्या नाही. त्याच्यापुढे जो प्रकाश येतो तो तो नोंदवतो. म्हणूनच रात्री डोळ्यांना प्रसन्न वाटलेला समारंभ छायाचित्रात पाहिला की कुणाचा चेहरा हिरवट, कुणाचा केशरी, असा विचित्र प्रकार नजरेस पडतो आणि आपण कॅमेऱ्याला दोष देतो.

प्रकाशाचा रंग केल्व्हिन या एककात मोजतात. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी १८४८ साली तपमानाची जी निरपेक्ष श्रेणी मांडली, तीच येथे कामी येते. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्व्हिन, तारेचा बल्ब सुमारे २७००, भर दुपारचे ऊन सुमारे ५५००, आणि आपल्याकडची नेहमीची पांढरी ट्यूबलाइट सुमारे ६५००. आकडा जितका लहान तितका प्रकाश तांबूस. जितका मोठा तितका निळसर. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेमुळे हिरव्या रंगाचा जोर अधिक असतो, तो वेगळाच. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यात पिवळ्या-केशरी रंगाचे राज्य, आणि निळा रंग जवळजवळ हद्दपार.

आम्ही सेमिनरीत असताना फिल्मचा रोल वापरीत असू. उन्हासाठी एक रोल, बल्बसाठी दुसरा, आणि ट्यूबलाइटची हिरवट झाक घालविण्यासाठी भिंगापुढे किरमिजी काच, अशी तेव्हाची सोय होती. परंतु एकाच चौकटीत तीन प्रकारचे दिवे आले, तर कोणतीही एक काच उपयोगी पडत नसे. संगणकाने ही अडचण सोडविली खरी. पण तिच्यासोबत एक जबाबदारीही आमच्या पदरात टाकली.

त्या जबाबदारीची जाणीव आम्हांला एका छायाचित्राने करून दिली. २०१६ सालच्या मे महिन्यात, गावातल्या क्रुसापाशी संध्याकाळची रोझरी चालू असताना एका तरुणाने ते टिपले होते. लाल लुगडे नेसलेली एक आजी हाती मेणबत्ती घेऊन उभी आहे. डावीकडे ओट्यावर बांधलेली ट्यूबलाइट, उजवीकडे रस्त्यावरचा सोडियम दिवा. आजी निवर्तल्यावर घरच्यांना फ्रेमसाठी हेच छायाचित्र हवे होते, कारण एवढी प्रसन्न मुद्रा दुसऱ्या कुठल्याही छायाचित्रात नव्हती. नात म्हणाली, “फादर, आजीचा अर्धा चेहरा हिरवा आणि अर्धा केशरी दिसतो. असा कसा लावायचा भिंतीवर?”

सुदैवाने मूळ छायाचित्र रॉ स्वरूपात जपलेले होते. जेपेग फाईलमध्ये रंगांचा निर्णय कॅमेरा स्वतः घेऊन टाकतो. रॉमध्ये तो आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो. आम्ही प्रथम ट्यूबलाइटच्या प्रकाशातली भिंतीची पांढरी जागा निवडून संपूर्ण चित्राचा व्हाइट बॅलन्स तिच्यावर बसविला आणि टिंटचा काटा किरमिजी बाजूस सरकविला. चेहऱ्याचा डावा भाग माणसात आला; उजवा मात्र अधिकच केशरी झाला. हे अपेक्षितच होते. एका दिव्याला दिलेला न्याय दुसऱ्या दिव्याला लागू पडत नाही. मग उजव्या भागावर मास्क आखून तेवढ्यापुरताच केल्व्हिनचा आकडा खाली आणला. येथे नवशिक्याचा गोंधळ उडतो. आकडा कमी केला की चित्र निळसर होते, कारण आपण संगणकाला सांगत असतो की, ‘येथला दिवा तांबूस होता, तू त्याची भरपाई कर.’ नाकाच्या रेषेवर दोन्ही प्रकाश मिसळले होते. तेथे मास्कची कड मऊ ठेवली आणि उरलेल्या रंगाचा गडदपणा थोडा उतरविला. दोन्ही गालांचा रंग जुळला पाहिजे, उजेड मात्र जुळवू नये. नाहीतर चेहऱ्याची गोलाई नाहीशी होते.

इतक्यात आजीचे थोरले चिरंजीव म्हणाले, “फादर, आता हात लावलाच आहे तर आईला जरा उजळ करा ना. चार माणसं बघतील.” काटा आमच्या बोटाखालीच होता. आम्ही नातीला विचारले, “बाळ, आजीचं ते लुगडं घरात आहे का? घेऊन ये.” लुगडे आले. खिडकीतल्या उजेडात ते धरले आणि पडद्यावरचे लाल त्याच्याशी ताडून पाहिले. सोडियमखाली विटकरी पडलेला रंग आता बराचसा मूळ पदावर आला होता. आम्ही चिरंजीवांना म्हणालो, “लुगडं खरं दिसतंय, म्हणजे आईचा रंगही खरा आहे. याच्यापुढे गेलो तर ती दुसऱ्याच कुणाची तरी आई होईल.” ते काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “राहू द्या. शेतात उन्हात काम करून आला होता तो रंग.”

वाचकहो, दिव्याची भेसळ काढणे निराळे आणि माणूस बदलणे निराळे. सीमारेषा फार बारीक आहे. म्हणून त्या प्रकाशात असलेली आणि जिचा खरा रंग आपल्याला ठाऊक आहे अशी एखादी वस्तू साक्षीला घ्यावी. आणखी एक पथ्य आहे : सगळेच दिवे पांढरे करू नयेत. आजीच्या हातातल्या ज्योतीला आणि तिच्या बोटांवरच्या पिवळसर उजेडाला आम्ही हात लावला नाही. मेणबत्ती पिवळीच असते. ती पांढरी केली की रात्रही उरत नाही.

तंत्राला मर्यादाही आहेत. सोडियम दिव्यात जो निळा रंग नव्हताच, तो कोणताही संगणक परत आणू शकत नाही. ओढूनताणून वाढविला तर केवळ ठिपके वाढतात. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमापासून अनेक ठिकाणी सोडियमच्या जागी एलईडी आले आणि हे काम थोडे सोपे झाले. तरी गावचा मांडव, रोषणाईच्या माळा आणि मेणबत्त्या एकत्र आल्या की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तेव्हा आपल्या घरातल्या मुलांना एवढे अवश्य सांगावे : रात्रीच्या प्रसंगी कॅमेरा रॉवर ठेवा, प्रत्येक दिव्याखाली पांढरा रुमाल धरून एक छायाचित्र घेऊन ठेवा, आणि दुरुस्ती केल्यावरही मूळ फाईल पुसू नका. कोणते छायाचित्र पुढे भिंतीवर लागणार आहे, हे ते घेताना कुणालाच ठाऊक नसते.