आमचा उजवा हात

उजवा हात हा माणसाचा सर्वांत आज्ञाधारक सेवक होय, अशी आमची अनेक वर्षे समजूत होती. फळ्यावर लिही म्हटले की तो लिहितो, वह्या तपास म्हटले की तपासतो, आणि शेवटच्या बाकाच्या दिशेने नुसता उगारला तरी तेथील कुजबुज थांबवतो. हात उगारण्याचे काम कायद्याने आम्हां शिक्षकांकडून काढून घेतले, ते योग्यच झाले. परंतु एके दिवशी हात साधा वर करण्याचेही सामर्थ्य आमच्या ठायी उरणार नाही, हे मात्र आमच्या स्वप्नातही नव्हते.

२०२३ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. ज्यांनी गोव्याचा पाऊस पाहिला आहे, त्यांना चिऱ्याच्या पायऱ्यांवर चढणाऱ्या हिरव्या शेवाळाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. डाव्या हातात छत्री आणि काखेत चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका, अशा थाटात आम्ही घराच्या पायऱ्या उतरत होतो. पाय केव्हा सरकला हे कळले नाही. उत्तरपत्रिका मात्र अंगणभर पसरल्या. (त्या आठवड्यात ज्यांना अपेक्षेपेक्षा बरे गुण मिळाले, त्यांनी त्याचे श्रेय पावसाला द्यावे. शाई पुसट झाली की परीक्षक उदार होतो.) पडताना मनुष्य स्वभावतःच हात पुढे टेकतो. सारा भार तळहातावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटापाशी मोडते. या अस्थिभंगाचे नेमके वर्णन डब्लिन येथील शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली करून ठेवले आहे. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ मध्ये. म्हणजे त्याच्या ८१ वर्षे आधी, हाड डोळ्यांना दिसण्याची काहीही सोय नसताना, कॉलिस यांनी हे निदान केले होते. आमचा क्ष-किरण फोटो मात्र दहा मिनिटांत आला, आणि तासाभरात आमच्या हाताला कोपराखालपर्यंत प्लास्टर चढले.

प्लास्टर सहा आठवडे ठेवायचे होते. घरी पाठवताना अस्थितज्ज्ञ डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. बोटे सतत हालवावीत, कोपर वाकवीत जावे, आणि दिवसातून चारपाच वेळा हात झोळीतून काढून खांद्यापासून सरळ डोक्यावर न्यावा. आम्ही मान डोलावली. आमच्या वर्गात "घरी जाऊन धडा दोनदा वाचा" असे आम्ही सांगतो तेव्हा जशी चाळीस डोकी हालतात, अगदी तशीच ती डोलावली.

बोटे आम्ही हालवली. खांदा मात्र हालवला नाही. मोडले आहे ते मनगट, मग खांद्याला कशाला श्रम द्यायचे, असा आमचा तर्क होता. कलाशाखेचा पदवीधर तर्कशास्त्रात पारंगत असतोच! त्यात भीतीही होती. हात झोळीबाहेर काढला की तो फुलपात्रासारखा खाली पडून फुटेल, असे उगीचच वाटे. भेटावयास येणारी मंडळी या भीतीला खतपाणी घालीत. एकाने तेल सांगितले, दुसऱ्याने लेप सांगितला, परंतु एका बाबतीत सर्वांचे एकमत होते, ते म्हणजे "हात अजिबात हालवू नका." विश्रांती हा उपदेश ऐकणाऱ्याला गोड वाटतो आणि देणाऱ्याला फुकट पडतो.

प्लास्टर निघाले. मनगट अवघडलेले होते, पण कोमट पाण्यात बुडवून हालवता हालवता सुटू लागले. शाळेत आम्ही फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहू लागलो. मुलांना दिसेना. एका मुलाने न सांगता मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा स्टूल आणून फळ्यापाशी ठेवला आणि गंभीर मुद्रेने म्हणाला, "सर, यावर उभे राहा." वर्ग हसला, आम्हीही हसलो. काही दिवसांत हात आपोआप वर जाईल, अशी आमची खात्री होती.

ती खात्री संपली सप्टेंबरमध्ये, चवथीच्या आदल्या दिवशी. गोव्यातील गणेशपूजेत गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, हे बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. छताला टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, आंबाडे, तोरिंगे, आणि रानातून आणलेली नाना प्रकारची फळे बांधून निसर्गाचे छत्रच उभारायचे असते. आमच्या घरी वडिलांच्या पश्चात हे काम आमचे. शिडीवर चढून आम्ही पहिला नारळ उचलला. हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला आणि थांबला. दुखला म्हणून थांबला असे नव्हे. कोणी आतून कडी लावावी तसा थांबला. आम्ही जोर केला, तेव्हा सबंध खांदाच कानापर्यंत वर आला, हात होता तेथेच राहिला. त्या वर्षी माटोळी शेजाऱ्यांच्या मुलाने बांधली. आम्ही खाली उभे राहून फळे त्याच्या हाती देत राहिलो.

आई दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. परंतु त्या रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो असता आम्हांला एक गोष्ट प्रथमच दिसली. चाळीशी जवळ आलेल्या मनुष्याने स्वतःच्या घरातील गोष्ट प्रथमच पाहावी, हे लज्जास्पद आहे. आमच्या स्वयंपाकघरातील सर्व फळ्या छातीच्या उंचीच्या खाली आहेत. मिठाची बरणी, डाळींचे डबे, देवाच्या समईचे तेल, सारे काही कंबरेपासून छातीपर्यंत. सर्वच स्वयंपाकघरे अशी असतात, असे आम्हांला लहानपणापासून वाटत आले होते. आम्ही प्राथमिक शाळेत असताना आई अंगणात पडली होती आणि तिचा हात एका हाडवैद्याने बांबूच्या कामट्यांनी घट्ट बांधला होता, एवढे आठवत होते. तो कित्येक आठवडे तसाच गळ्यात बांधलेला राहिला. पुढे वडिलांनी सुतार बोलावून फळ्या खाली घेतल्या असाव्यात. आईला वेणी घालताना मान एका बाजूला पार कलती करावी लागते, हे आम्ही रोज पाहात होतो. त्याचे कारण मात्र आम्ही कधी विचारले नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही पुन्हा अस्थितज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी खांद्याचा फोटो काढविला, रक्तातील साखर तपासविली (मधुमेह असणाऱ्यांचा खांदा अधिक सहजपणे जखडतो), आणि दोन्ही ठीक आहेत असे पाहून भौतिकोपचार विभागाकडे चिठ्ठी दिली. तेथील बाई वयाने आमच्या जुन्या विद्यार्थिनींइतक्याच होत्या. त्यांनी आमचा हात धरला आणि कंपासपेटीतील कोनमापकाचा मोठा भाऊ शोभेल असे एक साधन खांद्याला लावले. हात समोरून वर: ८५ अंश. बाजूने वर: ६०. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवणे: अवघे १०. भूमितीत आम्हांला पडत असत त्याहूनही हे गुण कमी होते.

त्यांनी जे समजावले ते आमच्या भाषेत असे. मांडीचे हाड कंबरेच्या खोल उखळीत बसलेले असते. खांद्याचा गोळा मात्र बशीत ठेवलेल्या लिंबासारखा उथळ खोबणीवर टेकलेला असतो. म्हणून खांदा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा, आणि म्हणूनच तो सांभाळायला कठीण. त्याच्याभोवती एक पिशवी असते आणि काखेच्या बाजूला तिला चुण्या असतात. हात वर जातो तेव्हा त्या चुण्या उलगडतात. हात आठवडेच्या आठवडे अंगाशी राहिला की त्या चुण्या एकमेकींना चिकटतात, पिशवी आखडते, जाड होते. पावसाळ्यानंतर ओलीच मिटून ठेवलेली छत्री मार्गशीर्षात उघडून पाहावी, तसा प्रकार.

या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव अमेरिकेतील बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली आपल्या ग्रंथात दिले. हा गृहस्थ विलक्षण होता. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा केलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता, आणि स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील चुका त्याने स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या होत्या. आम्ही दरवर्षी लाल शाईच्या कित्येक बाटल्या दुसऱ्यांच्या चुका दाखविण्यात रिकाम्या करतो. स्वतःच्या चुकांवर आजवर एक थेंबही खर्ची घातला नव्हता. म्हणून येथे नमूद करून ठेवतो: डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, आणि आम्ही केले नाही.

आपल्या देशात या उपचाराचे शिक्षण देणारी पहिली शाळा पोलिओच्या साथीनंतर, १९५३ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली. लुळ्या पडलेल्या लहान मुलांचे पाय हालते करण्यासाठी जी विद्या येथे रुजली, तीच आज आमच्यासारख्या हट्टी प्रौढांचे खांदे सोडवीत आहे. भारतात वन्य विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला. विद्येला मात्र काम पुरून उरले आहे.

आता प्रत्यक्ष उपचार. त्यात चमत्कृती काहीच नाही, हे प्रथमच सांगतो. आधी शेक. मग टेबलावर डावा हात टेकून, कमरेतून वाकून, उजवा हात घंटेच्या लोलकासारखा खाली सोडायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. या व्यायामालाही कॉडमन यांचेच नाव आहे. मग पाठीवर निजून दोन्ही हातांत काठी धरायची आणि शहाण्या हाताने वेड्या हाताला डोक्यामागे न्यायचे. पंचा पाठीमागे धरून, आंघोळीच्या वेळी पाठ पुसतो तसा, वरखाली ओढायचा. आणि भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढायचे. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक प्रकार दहादा. ताण जाणवला पाहिजे. पण रात्री झोप उडेल इतके दुखले, तर दुसऱ्या दिवशी कमी करायचे.

पहिल्या दिवशी भिंतीवर चढताना आम्ही खांदा कानापर्यंत उचलला आणि बोटे वर गेल्याचा आनंद मानला. बाईंनी मागून खांद्याच्या पात्यावर हात ठेवून ते खाली दाबले. "खांद न्हय सर, हात उबारात!" बोटे वीतभर खाली आली. खांदा उचलून हात वर गेल्याचे भासवणे ही या दुखण्यातील कॉपी होय. परीक्षागृहात आम्ही ती चटकन पकडतो. स्वतःच्या अंगात चाललेली आम्हांला दिसली नव्हती.

घरी ओसरीच्या भिंतीवर आम्ही रोज पेन्सिलीने खूण करून तारीख लिहू लागलो. पहिल्या पंधरवड्यात खुणा एकमेकींवरच पडत. ऑक्टोबरमध्ये एकदा तर खूण खाली आली, आणि आम्ही चार दिवस रागाने भिंतीकडे फिरकलोच नाही. पाचव्या दिवशी ती आणखी खाली होती. मग राग सोडून दिला. नाताळच्या सुट्टीपर्यंत समोरून १२० अंश झाले. परीक्षांच्या सुमारास शर्टाची मागची बाजू स्वतः खोचता आली. ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटत असेल, त्यांनी एक आठवडा दुसऱ्याकडून शर्ट खोचून घेऊन पाहावा.

एके संध्याकाळी आम्ही भिंतीशी उभे असता आई ओसरीवर येऊन बसली. बराच वेळ पाहात राहिली. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहून म्हणाली, "म्हाका कोणेंच सांगलें ना." तक्रारीचा सूर नव्हता. जणू काही बाजारात एखादी वस्तू स्वस्त मिळत होती आणि तिला ते उशिरा कळले. आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्हांला सांगितले गेले होते. आम्ही ऐकले नव्हते. तिला कोणी सांगितलेच नव्हते. आणि दोघांचे हात एकाच उंचीवर अडले होते.

तिला घेऊन आम्ही त्याच बाईंकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिले, कोनमापक लावले, आणि खोटा धीर दिला नाही. इतक्या वर्षांनी पुष्कळसे तसेच राहील, थोडे सुटेल, केल्याने अपाय नाही, मात्र सावकाश. "थोडें म्हणजे किती?" असे आईने विचारले. बाईंनी भिंतीवर बोट ठेवून दाखविले. साधारण चार बोटांचे अंतर. आई म्हणाली, "चलता."

तेव्हापासून ओसरीवर दोन रांगा आहेत. आमची वरची, तिची खालची. व्यायामाच्या वेळी ती आमच्या मागे उभी राहते आणि बाईंकडून शिकलेले वाक्य आम्हांलाच ऐकवते. २०२४ च्या चवथीला माटोळी आम्ही बांधली. शेवटचे दोन नारळ मात्र शेजाऱ्यांच्या मुलानेच बांधले, कारण समोरून १६५ अंशांच्या पुढे आमचा हात अद्याप जात नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिता येते, तेवढे शाळेला पुरते. आईची खूण चार बोटे नव्हे, तीन बोटे वर गेली आहे. वेणी घालताना मान अजून कलते, पण पूर्वीइतकी नाही. मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवू का, असे आम्ही विचारले असता तिने ठाम नकार दिला. त्या वर्षी चवथीपूर्वी घराला रंग काढताना रंगाऱ्याने ओसरीच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारले, "हे पुसायचे ना?" आम्ही काही म्हणण्यापूर्वीच आईने त्याला बाजूची भिंत घ्यायला सांगितले.