आपल्या भाषेतला माणूस

अमेरिकेत अनेक ठिकाणी मतदान केंद्रावर स्पॅनिश बोलणारे कर्मचारी ठेवावे लागतात. हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "त्या देशात राहतात, मग इंग्रजी का शिकत नाहीत?"

उत्तर इतिहासात आहे. पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांची शाळा मात्र स्पॅनिश. न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्यांना मतदान नाकारलं जाई. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने ठरवलं, पोर्तो रिकोच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेल्याला इंग्रजीच्या कारणावरून अडवायचं नाही. 1975 मध्ये त्यात भर पडली : इंग्रजी कमी येणारे एका भाषेचे नागरिक जिथे ठरावीक प्रमाणात आहेत, तिथे मतपत्रिका, सूचना आणि तोंडी मदतही त्यांच्या भाषेत द्यायची.

छापील भाषांतर असताना माणूस कशाला हवा? माझी अम्मी उर्दू शाळेत शिकली. मराठी बोलते, वाचताना अडखळते. मतदान यंत्रावरचं चिन्ह ती बरोबर ओळखते. पण यादीत नाव सापडलं नाही, तर तिथलं बोलणं मलाच करावं लागतं. अमेरिकेत तर एकाच मतपत्रिकेवर कितीतरी पदं आणि जनमताचे प्रस्ताव असतात. तिथे मुलाला सोबत नेलं, तर मत गुप्त राहत नाही. केंद्रावरचा दुभाषी कर्मचारी पद्धत समजावतो. कोणाला मत द्यायचं, हे सांगण्याची त्याला मुभा नसते.

अशी माणसं मिळवण्यासाठी कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांना आणि ग्रीन कार्डधारकांनाही हे काम करता येतं. स्वतःला मत नसलेला माणूस दुसऱ्याचं मत सांभाळतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

या कायद्यात एक उणीव आहे. त्यात स्पॅनिश, आशियाई आणि मूलनिवासी भाषांचे गट आहेत, अरबी नाही. म्हणून मिशिगनमधल्या डिअरबॉर्न शहराच्या कौन्सिलने 2022 मध्ये अरबी मतपत्रिकेचा ठराव स्वतःच केला.

भाषा शिकावीच. मीही मराठीतच लिहितो. पण अम्मीचं वय सत्तरीचं आहे, आणि पुढचं मतदान तिची मराठी सुधारेपर्यंत थांबणार नाही.