लेकीची प्रयोगशाळा आणि प्रोटॉनचा जमाखर्च

"लेक काय करते हो तुमची?" असं कुणी विचारलं, की "अमेरिकेत सायन्समध्ये आहे" म्हणून मी वेळ मारून न्यायची. पुढचं मलाच कुठं ठाऊक होतं! 2019 च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले, तेव्हा एका रविवारी तिची प्रयोगशाळा लोकांना पाहायला खुली होती. नातीला जावईबापूंच्या हवाली केलं आणि आम्ही मायलेकी निघालो.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचं लांबलचक बेट आहे. त्यावर अप्टनला ही ब्रुकहेवन प्रयोगशाळा. पहिल्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती. प्रयोगशाळा आली 1947 साली. पाहावं तिकडं पाइनची झाडी! "अगं, यंत्र कुठाय?" म्हटलं, तर तिनं मातीचा एक लांब बांध दाखवला. त्याखाली 3.8 किलोमीटरचा गोल बोगदा. त्यात शेजारी शेजारी दोन कडी, एक निळं नि एक पिवळं. त्यांतून प्रोटॉन उलटसुलट दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावायचे आणि ठरल्या जागी टकरायचे.

प्रोटॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण. आपल्या माठातल्या पाण्यातही तो आहेच. त्याला जन्मजात एक गिरकी असते, तिला 'स्पिन' म्हणतात. (भोवऱ्यासारखा तो खरोखर फिरत नाही, हे लेकीनं मला दोनदा बजावलं.) माझ्या गुडघ्याचा एमआरआय काढला, तो याच गिरकीच्या जोरावर!

आता भानगड अशी. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क असतात. त्यांच्या गिरक्यांची बेरीज म्हणजे प्रोटॉनची गिरकी, असं सारे धरून चालले होते. 1988 मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेतून बातमी आली, की क्वार्कांचा वाटा फारच थोडा भरतो. महिनाअखेरीला डब्यातले पैसे मोजावेत आणि हिशेब लागू नये, तशी गत! मग बाकीची गिरकी कुणाची?

संशय होता ग्लुऑनवर. क्वार्कांना चिकटवून एकत्र ठेवणारे हे कण. त्यासाठी दोन्हीकडच्या प्रोटॉनांच्या गिरक्या कधी एका दिशेला, कधी विरुद्ध ठेवून टकरा घडवायच्या आणि उडालेल्या कणांच्या मोजणीत फरक पडतो का ते पाहायचं. पण धावता धावता गिरकीची दिशा बिघडते. म्हणून वाटेत पिळदार चुंबकं बसवलेली. नाव 'सायबेरियन साप', कारण कल्पना सायबेरियातल्या शास्त्रज्ञांची. थालीपीठ एका बाजूनं करपू नये म्हणून आपण उलटतो ना, तशी ही चुंबकं गिरकी उलटवत राहतात. एका खेपेची चूक पुढच्या खेपेत फिटते.

टकरा टिपणारं 'स्टार' नावाचं यंत्र पाहिलं. 1200 टनांचं, आपल्या घराएवढं! त्याच्यापुढं उभी राहून लेक सांगत होती, की 2014 च्या सुमाराला ग्लुऑनांचा वाटाही खरोखर आहे असं दिसलं. घर धरून ठेवणाऱ्याचं नाव हिशेबात यायला वेळ लागतोच, बाई! अजून थोडी बाकी उरते. ती कणांच्या आतल्या फिरण्यात असावी म्हणतात. हीच लेक एम.एस्सी. झाल्यावर "आता पुरे शिकणं" म्हणून मी तिच्या मागे लागले होते. परतताना गाडीत तिला तसं बोलूनही दाखवलं. ती नुसती हसली.

2026 मध्ये ते यंत्र थांबलं. त्याच बोगद्यात आता नवं उभारायचं आहे, प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवणारं. फोनवर मी पहिलं काय विचारलं असेल? "आणि गं, साप?"

"साप लागणारच, आई!"